तोंडावरचा झुबका

सकाळपासून वारा सुटला होता, आणि वाऱ्याशी चिकटकाकूचं जुनं वैर. आदल्या दिवशी कापून ठेवलेल्या कागदी पाकळ्या टेबलावरून उठल्या, खोलीभर हिंडल्या आणि कपाटाखाली जाऊन बसल्या. "मेल्या, तुला दुसरं घर नाही मिळालं?" असं खिडकीच्या फटीला सुनावून काकूनं त्या फटीत जुन्या वर्तमानपत्राची घडी कोंबली. मग गुडघे टेकले, लाकडी पट्टी कपाटाखाली सारली आणि एकेक पाकळी बाहेर ओढली. ओढताना पाकळ्यांनाही बोल लावायचं तिनं सोडलं नाही.

फोटो स्टुडिओच्या मागची ती खोली. पुढं काउंटर, मध्ये पडदा, पडद्याआड काकू. चिकटकाकू हे नाव गल्लीतल्या पोरांनी पाडलेलं, कारण बोटांवर कायम सुकलेल्या गोंदाचे पापुद्रे. तिला ते नाव ठाऊक होतं. तोंडावर म्हणणाऱ्याचा कान मात्र तिच्या हातात सापडला तर लाल होऊनच सुटायचा.

काम तिचं असं. लोक घरातले फोटो आणून द्यायचे, काकू त्यांची स्क्रॅपबुकं करायची. जाड पुठ्ठ्याची पानं, पानावर फोटो, आणि फोटोच्या कोपऱ्याला झुबका. झुबका म्हणजे तळाला लेसचा तुकडा, त्यावर बाहेरच्या दिशांना तोंडं केलेली कागदी पानं, त्यावर एक मोठं फूल, फुलाच्या कुशीत दोन बारकी, आणि सगळ्यांच्या वर एखादं बटण किंवा मणी, खाली दोऱ्याचं शेपूट लोंबतं सोडून. ऐकायला सोपं वाटतं. नवख्यानं केला की भाजीची जुडी दिसते. फूल बरोब्बर मधोमध बसवलं तर गाठोडं, पानं सगळी एकाच अंगाला वळवली तर झाडू.

"झुबक्यानं फोटोतल्या माणसाकडं बोट दाखवायचं," काकू म्हणायची, "स्वतः मिरवायचं नाही. मिरवायला लागला की तो झुबका नाही, ती आमची नणंद."

नणंदेचं नाव कुठल्याही गोष्टीतून निघायचं. पाऊस नाही, नणंद. कात्रीची धार गेली, नणंद. त्याला कारण होतं.

धाकटी सून नवऱ्यासोबत परगावी, म्हणून सासू मोठीकडे, म्हणजे काकूकडे राहायची. दोघींचं भांडण सकाळच्या चहाला सुरू व्हायचं. चहा पांचट, पोळी कडक, खिडकी उघडी का, खिडकी बंद का. सासूला कुणी विचारलं, सून कशी आहे, तर ती म्हणायची, "आहे. जात नाही कुठं." काकूला विचारलं तर ती म्हणायची, "तब्येत ठणठणीत आहे त्यांची, आवाजावरून कळत नाही का?" तरी सासूचे गुडघे रोज चोळायची ती काकूच, आणि कमी चोळले म्हणून ओरडा खायची तीही काकूच.

मग एके सकाळी काकू दूध आणायला गेली असताना सासू बाथरूममध्ये घसरली. मनगट मोडलं. नणंद धावत आली, तिनं ओली फरशी पाहिली, आणि जिन्यात उभी राहून वरच्या-खालच्या सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फरशी मुद्दाम ओली ठेवली हिनं! म्हातारी मरावी म्हणून!" लोकांची दारं किलकिली झाली. नणंदेनं आईला गाडीत घातलं आणि आपल्या घरी नेलं. सासू एक शब्द बोलली नाही. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, पदर सावरून गाडीत बसली.

त्यानंतर त्या घराचा उंबरा काकूनं चढला नाही. जिन्यातल्या बायका तिच्याशी बोलताना आवाज जरा जास्तच गोड करायला लागल्या. त्या गोडव्यापासून लांब राहायला म्हणून तिनं हे पडद्याआडचं काम धरलं. नवरा रविवारी आईला भेटून यायचा. तो बसचालक, दिवसभर हॉर्न ऐकून घरी मुका. विचारल्याशिवाय बोलायचा नाही, आणि बायको काय करते असं तिकडं त्याला कुणी विचारलं नाही. त्यामुळं चार गल्ल्यांपलीकडं राहणाऱ्या नणंदेला पडद्यामागचे हात कुणाचे हे कळलं नव्हतं.

या धंद्यात एक गोष्ट फोटोवाला लोकांना दबक्या आवाजात विचारायचा: कुणाला झाकायचंय का? कारण झाकायचं असायचंच. कुणाचा सोडून गेलेला नवरा, कुणाचा फसवणारा भागीदार, बोलणं बंद झालेली बहीण. कात्रीनं कापलं तर फोटोत भोक पडतं आणि बघणारा आधी भोकच बघतो. म्हणून त्या तोंडावर झुबका. काकू तो असा बसवायची की तो तिथं जन्मापासून असावा असं वाटे.

पण तिचा एक नेम होता. चेहऱ्याला गोंद लावायचा नाही. आधी चेहऱ्यावर पातळ गुळगुळीत कागद, त्यावर पुठ्ठ्याचं कडं, गोंद फक्त कड्याच्या बाहेरच्या काठाला, आणि झुबका त्या कड्यावर. कारण लोक परत येतात. ज्या बाईनं बहिणीला शेवंतीखाली गाडलं होतं, ती पुढल्या वर्षी डोळे पुसत आली, "काढता येईल का हो?" काकूनं सुरी घातली, कडं उचललं, आणि बहीण खाली जशीच्या तशी हसत होती. "भांडणं तुमची," काकू त्या बाईला म्हणाली, "फोटोनं काय केलंय?" फोटोवाला नंतर म्हणाला, गिऱ्हाइकाशी जरा गोड बोलत जा. काकू म्हणाली, गोड बोलायला तू आहेस की.

तर त्या वाऱ्याच्या सकाळी फोटोवाला पडदा सारून एक फुगलेलं पाकीट घेऊन आला.

"काकू, मोठं काम आहे. एका आजीबाईंचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. मुलगी देऊन गेली. बाई म्हणजे नुसता फटाका. मला म्हणते, तुमच्या काउंटरवर धूळ आहे."

"आहेच."

"एक बाई झाकायचीय. तोंडांवर लाल ठिपके चिकटवून आणलेत तिनं, म्हणजे आपली चूक नको. म्हणाली, झुबका जाड टाका, खाली कोण होतं ते कळता कामा नये."

"कोण आहे?"

"मला काय दिसणार? तोंडावर ठिपका आहे."

तो गेला. काकूनं फोटो टेबलावर पसरले. पहिल्यात सासू, पाठ ताठ, नजर अशी की फोटो काढणारा तिचं काही देणं लागत असावा. दुसऱ्यात नणंद, हनुवटी वर. तिसऱ्यात डोक्यावर भरगच्च केस असलेला बसचालक, आणि त्याच्या शेजारी एक लाल ठिपका. ठिपक्याच्या खालून खांद्यावर आलेली वेणी काकूच्या ओळखीची होती. हातातली निळी पर्सही. ती पर्स तिच्या घरी अजून खिळ्याला लटकत होती.

तिनं नखानं ठिपका उचलला. खाली ती होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली, काहीतरी खाता खाता थांबलेली. तिनं दुसरा ठिपका उचलला, तिसरा उचलला. सगळीकडे तीच. कुठं सासूच्या पाठीमागं, कुठं दारात, कुठं हातात ट्रे.

फोटोवाल्याला तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला तिची कीव आली असती, आणि कीव तिच्या पोटात टिकत नाही, लगेच भांडण होऊन बाहेर येते.

घरी नवरा जेवत होता.

"तुमच्या आईचं स्क्रॅपबुक आलंय माझ्याकडं. वन्संनी दिलंय. मला सगळीकडं झाकायला सांगितलंय."

तो चावायचा थांबला. "तुझ्याचकडं दिलं?"

"त्यांना माहीत नाही मी करते ते. तुम्ही कधी सांगितलंत का?"

"विचारलं नाही कुणी." मग घास मोडत, "मी आहे ना फोटोत?"

"आहात. तुमच्या खांद्याला फूल फुटणार आहे."

"मग बरं दिसेल," तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काहीतरी चांगलं बोलायचं असावं. काकूनं आमटीचं पातेलं असं आपटलं की झाकण फिरत फिरत दारापर्यंत गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं काम मांडलं. गुळगुळीत कागद काढला, पुठ्ठ्याची कडी कापली. पहिलं कडं फोटोवर धरलं आणि तशीच बसून राहिली. हे कशाला? कोण येणार आहे मागायला? ती शेवंतीवाली बाई आली, कारण तिला बहीण हवी होती. इथं जिन्यात उभं राहून खुनी ठरवलेल्या बाईचं तोंड कोण उकरायला येतंय? तिनं कडं टोपलीत फेकलं, पांढऱ्या गोंदाची बाटली उचलली आणि थेट फोटोतल्या आपल्या तोंडावर धरली. ब्रशनं नाही, बोटानं पसरला. लेस दाबली, पानं दाबली, फूल अंगठ्यानं घासून घासून बसवलं. "घ्या," ती म्हणाली, "पुसली एकदाची." पुढचा फोटो. पुन्हा गोंद. दुसऱ्या कुणाच्या तोंडाला तिनं असं केलं असतं तर तिला रात्री झोप लागली नसती.

झुबक्याच्या डोक्यावर बटणं हवी होती. घरून आणलेल्या डब्यात एका जुन्या तपकिरी स्वेटरची बटणं होती, मोठी, चार भोकांची, काठाला खाच असलेली. सासू नणंदेकडं गेली तेव्हा तो स्वेटर दारामागं राहिला होता. कसर लागून त्याची चाळण झाल्यावर काकूनं त्याची फरशी पुसायची फडकी केली आणि बटणं ठेवली. आता तीच बटणं तिनं स्वतःच्या तोंडावर लावली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. डब्यात दुसरी बटणं होती.

आणि एक खोडी तिनं जाणूनबुजून केली. उंच झुबका असला की समोरच्या पानावर त्या जागी काही लावत नाहीत, नाहीतर वही मिटली की बटण समोरच्या फोटोत रुततं. हे नवखीलाही कळतं. काकूनं मोजून-मापून समोर नणंदेचा मोठा फोटो लावला, नाक बटणाच्या बरोब्बर पुढ्यात. मग वही मिटली, वर दोन विटा ठेवल्या आणि घरी गेली.

नणंद वही घेऊन गेली. काउंटरवर चाळली, झुबके बघून म्हणाली, "हात चांगला आहे तुमच्या माणसाचा." पडद्याआड काकूनं तोंडात पदर कोंबला.

दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या सकाळी पुढच्या दाराची घंटी अशी वाजली की फोटोवाल्याच्या हातून लेन्सचं झाकण पडलं.

"कुठाय ती?" हा आवाज काकूनं एवढ्या वर्षांनी ऐकला, तरी कात्रीवरची मूठ आपोआप घट्ट झाली. सासू.

"आई, तू बस आधी. मी विचारते ना," नणंदेचा आवाज.

"तू काय विचारणार? मी सांगते ना, हे बटण माझं आहे. माझ्या स्वेटरचं. खाच बघ. ती खाच माझ्या दातांनी पडली, दोरा तोडताना. हे काम मोठीचं आहे. एवढी कंजूष पाकळी दुसरं कोण कापणार?"

काकू पडदा सारून बाहेर आली. सासू बाकावर बसली होती, आधीपेक्षा निम्मी झालेली, पण पाठ तशीच ताठ. नणंदेचं तोंड उघडलं ते मिटेना.

"तू?" नणंद म्हणाली. "तू इथं?"

"फरशी ओली नाही ना, बघून पाय टाका, वन्सं."

"म्हणजे तू मुद्दाम! हे माझ्या नाकावर काय उमटलंय ते मला आत्ता कळलं!" तिनं वही उघडून काउंटरवर आपटली. खरंच, फोटोतल्या नणंदेच्या नाकावर गोल खळगा पडला होता, आत चार भोकांसकट.

"समोरच्या पानावर मी आहे ना. आतून ढकलतेय."

फोटोवाला दोघींच्या मध्ये यायला निघाला आणि शहाणपणानं कॅमेऱ्यामागं गेला.

"काढ ते," सासू म्हणाली.

"काय काढू?"

"फूल काढ. मला तुझं तोंड बघायचंय. परवापासून वही उलटतेय, ज्या पानावर जावं तिथं फुलं. अंगणात बसल्यासारखं वाटतंय. घरातली माणसं बघायची का बाग? आणि हिला विचारलं तर म्हणते, तिथं कुणी नव्हतंच." सासूनं लेकीकडं मानही वळवली नाही. "नव्हतं कसं? ट्रे काय हवेत तरंगत होता?"

"आई, आपलं ठरलं होतं..."

"तुझं ठरलं होतं. मोठे, काढ."

नणंदेचा चेहरा उतरला होता. ती काकूकडं न बघता म्हणाली, "काढून टाक. सगळ्यांसमोर वही उघडायचीय आणि ही हट्टाला पेटलीय. मोठीचं तोंड नसेल तर केक कापणार नाही म्हणते. पाहुणे यायचेत. तुम्ही लोक काढून देता ना? मी ऐकलंय, तुमच्याकडं निघतं ते."

काकूनं बारीक सुरी आणली. सवयीनं कड्याच्या काठाखाली घालायला गेली, आणि काठच नव्हता. सुरी थेट कागदात घुसली. तिनं चिमट्यानं फूल धरून हळू वर घेतलं. फूल आलं, आणि त्याच्या पाठीला चिकटून तिचं तोंडही आलं. गाल, एक डोळा, खाता खाता थांबलेलं ते तोंड. फोटोत मागं पांढरा खरखरीत कागद उरला.

तिनं पान उलटलं. दुसरा झुबका. तेच. तिसऱ्याला हात लावला आणि काढून घेतला. आपणच आपल्याला अंगठ्यानं घासून बसवलं होतं, हे तिला त्या पांढऱ्या डागाकडं बघताना नीट कळलं. गिऱ्हाइकांची माणसं तिनं कागदाखाली जपून ठेवली. स्वतःला गोंदात बुडवलं.

"निघत नाही," ती म्हणाली.

"असं कसं निघत नाही?"

"तुम्ही म्हणालात जाड हवा, काही दिसता कामा नये. केलं जाड."

"फाडलंस ना," सासू म्हणाली. "तुझ्या हातात एक वस्तू टिकत नाही. कप गेले, स्वेटर गेला, आता तोंड."

"कप तुमच्या हातून गेले!"

"दोन माझ्या हातून. बाकी तुझ्या."

तेवढ्यात फोटोवाला कॅमेऱ्यामागून म्हणाला, "नवीन काढू का? दोघींचा? तासाभरात पान लावून होईल."

सासू बाकावर जरा सरकली, तेवढीच जागा झाली. काकू बसली ती तोंड दुसरीकडं करून. मध्ये एक वीत अंतर. नणंद सवयीनं आईच्या पलीकडं उभी राहायला गेली.

"तू नको," सासू म्हणाली. "तू आहेस ढीगभर. माझी पिशवी धर."

नणंद पिशवी धरून दिव्याच्या मागं उभी राहिली.

"इकडं बघा," फोटोवाला म्हणाला.

काकूनं बघितलं नाही. तिच्या डोक्यात जिना होता आणि किलकिली दारं होती. ती सासूकडं मान वळवून म्हणाली, "फरशी मी ओली ठेवली होती का?"

"तू कशाला ठेवशील? तू घरात तरी होतीस का? मीच नळ उघडा ठेवून आले होते."

दिव्यामागं पिशवी खाली पडली.

"मग सांगितलं का नाही?" काकूचा आवाज चढला. "त्या दिवशी, जिन्यात, सगळ्यांसमोर? वन्सं ओरडत होत्या तेव्हा तोंडात काय धरलं होतं?"

"सांगितलं असतं तर हिनं नेलं असतं का मला? तुझ्या हातचं खाऊन कंटाळा आला होता. जरा बदल हवा होता."

"बदल?" काकू उठलीच. "तुमच्या बदलासाठी मी खुनी?"

"ओरडू नकोस. आणि हिच्या हातचं तर तुझ्याहून वाईट..."

खट्.

फोटो तासाभरात छापून आला. त्यात काकू अर्धी उठलेली, तोंड आ वासलेलं, बोट सासूच्या नाकापुढं. सासूची मान वर, तीही बोलतेय. दोघींपैकी एकीचाही चेहरा झाकलेला नाही, आणि एकीचाही बरा आलेला नाही.

नणंदेनं तो हातात घेतला. "हा लावायचा? पाहुण्यांसमोर?"

"हाच लाव," सासू म्हणाली. "माझा दुसरा फोटो एवढा चांगला नाही आला."

काकूनं शेवटचं पान घेतलं. फोटो लावला. गोंद फक्त चार कोपऱ्यांना. नणंदेनं खालमानेनं विचारलं, "झुबका?"

"याला लागत नाही."

नणंद काहीतरी बोलणार होती. जिन्याबद्दल असावं, कारण तिचा हात वहीच्या पुठ्ठ्यावरून दोनदा फिरला. पण ते तिला जमलं नाही, आणि काकूनंही तिला मदत केली नाही. उभी राहिली, बघत राहिली, मग म्हणाली, "निघा आता. दुसरं गिऱ्हाईक खोळंबलंय." दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

दारात सासू थांबली. "माझा स्वेटर आणून दे."

"फाटला. फडकी केली त्याची."

"मग फडकी आण. वाढदिवसाला आण. आणि माझी बटणं?"

"वहीत आहेत. निघत नाहीत."

"मूर्ख आहेस," सासू म्हणाली आणि लेकीच्या हाताला धरून पायरी उतरली.

"काकू, जाणार का मग?" फोटोवाल्यानं विचारलं.

"तुझं काउंटर पुस आधी. धूळ आहे."

ती पडद्याआड आली. खिडकीच्या फटीतली वर्तमानपत्राची घडी सटकून खाली पडली होती, आणि टेबलावरच्या पाकळ्या पुन्हा कपाटाखाली पसार झाल्या होत्या. चिकटकाकूनं वाऱ्याला एक शिवी हासडली, लाकडी पट्टी घेतली आणि गुडघे टेकले.